ध्रुवप्रकाश आणि साक्षीदाराचें इमान

इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत सूर्यावरून उठलेलें एक प्रचंड वादळ पृथ्वीपर्यंत येऊन पोहोंचलें, आणि जो ध्रुवप्रकाश एरव्हीं नॉर्वे, आइसलंड इत्यादि उत्तरेकडील देशांतील लोकांनींच पाहावयाचा, त्याची तांबडी छटा लडाखांतील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांतही उतरली. युरोपांत व अमेरिकेंत तर असंख्य लोकांनीं त्या रात्रीं छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं पुष्कळांस एक चमत्कारिक अनुभव आला. डोळ्यांस जेथें केवळ फिकट, धुरकट उजेड दिसत होता, तेथें हातांतील यंत्र गडद हिरवा आणि गुलाबी रंग दाखवीत होतें. अशा वेळीं खरें कोणाचें मानावयाचें, डोळ्याचें कीं यंत्राचें?

प्रथम दोघांची कैफियत ऐकूं. सूर्याकडून आलेल्या ओघामुळें विद्युत्कण ध्रुवांजवळच्या वातावरणांत शिरून तेथील वायूंवर आदळतात; प्राणवायूपासून सुमारें १०० ते २०० किलोमीटर उंचीवर हिरवा व त्याहून वर तांबडा प्रकाश निघतो. हे रंग कोणाच्या कल्पनेंतले नव्हेत. मात्र मंद उजेडांत मनुष्याच्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निरुपयोगी होतात, म्हणून क्षीण ध्रुवप्रकाश पांढुरकाच भासतो. उलट कॅमेरा कांहीं सेकंद उघडा राहून तेवढ्या वेळाचा प्रकाश सांठवितो. त्यांत रंग सांपडतो, पण नृत्य हरपतें. लवलवणारे पडदे एकमेकांत मिसळून जातात. डोळ्यानें रंग गमावला, यंत्रानें गति गमावली. पुरी साक्ष दोघांपैकीं एकाचीही नाहीं.

मग चित्रकाराची साक्ष काय योग्यतेची? अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यानें १८६५ सालीं ध्रुवप्रकाशाचें एक भव्य चित्र काढलें. बर्फांत अडकलेलें जहाज आणि वर पेटलेलें आकाश असा तो देखावा आहे. परंतु ज्या हिमप्रदेशाचें तें चित्र, तेथें चर्च स्वतः गेला नव्हता. प्रवासी आयझॅक हेज यानें आणलेलीं रेखाटनें व त्याचें वर्णन यांवर त्यानें आपली कल्पना उभारली. याच्या उलट डेन्मार्कचा हाराल्ड मोल्टके. तेथील हवामान संस्थेनें १८९९ सालीं आइसलंडास जी मोहीम पाठविली, तींत शास्त्रज्ञांबरोबर हा चित्रकारही होता. कारण ध्रुवप्रकाशाचे रंग टिपणें तत्कालीन कॅमेऱ्याच्या शक्तीबाहेरचें होतें. कडाक्याच्या थंडींत उभें राहून आकाश न्याहाळावें, आणि पाहिलेलें तेवढेंच रंगांत उतरावें, हें त्याचें काम.

छायाचित्रानेंही आरंभीं मोठा दिमाख मिरविला नाहीं. मार्टिन ब्रेंडेल यानें १८९२ सालीं उत्तर नॉर्वेंत ध्रुवप्रकाशाचें पहिलें छायाचित्र घेतलें, तें अंधुक व रंगहीन होतें. पुढें नॉर्वेचा गणितज्ञ कार्ल स्टोर्मर यानें टेलिफोननें जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणीं छायाचित्रें घेण्याची रीत बसविली. मागील ताऱ्यांच्या आधारें दोहोंतील फरक मोजून त्यानें ध्रुवप्रकाशाची उंची काढली. त्या काळ्यापांढऱ्या कांचांत सौंदर्य थोडें असेल, परंतु जें सत्य कोणत्याही डोळ्यास केवळ पाहून कळलें नसतें, तें त्यांनीं सांगितलें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, चित्राचा खरेपणा तें डोळ्याशीं तंतोतंत जुळण्यावर अवलंबून नाहीं. साक्षीदारास आपण जें विचारतों, तेंच चित्रकारासही विचारावें: तूं कोठें उभा होतास? स्वतः काय पाहिलेंस, आणि दुसऱ्यापासून काय ऐकलेंस? हेजचें ऋण लपलेलें नाहीं, म्हणून चर्चचें चित्र आम्ही खोटें म्हणणार नाहीं. कांहीं सेकंदांचा प्रकाश सांठविणारें छायाचित्रही खोटें नव्हे. परंतु मागाहून रंग भडक करून, "आम्हीं हें असेंच पाहिलें" असें जो सांगतो, तो खोटी साक्ष देतो. आणि त्याच्या हातीं कुंचला होता कीं कॅमेरा, यानें त्याच्या अपराधांत फरक पडत नाहीं.

यांत बिघडलें कोणाचें, असें कोणी म्हणेल. तर बिघडतें तें पाहणाऱ्याचें. भडक चित्रांवर पोसलेला प्रवासी पुष्कळ खर्च सोसून उत्तरेस जातो, मध्यरात्रीं बर्फांत उभा राहतो, आणि डोक्यावर तो सौम्य, हलता उजेड प्रत्यक्ष चालला असतां "एवढेंच का?" म्हणून पाठ फिरवितो. खोट्या साक्षीनें येथें केवळ एक मनुष्य फसला असें नव्हे. त्याचा आपल्याच डोळ्यांवरील विश्वास उडाला, आणि समोरचें खरें त्यास अपुरें वाटूं लागलें. आमच्या वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आला, तर त्यानें कॅमेरा अवश्य न्यावा. परंतु पहिलीं दहा मिनिटें तो पिशवींतच राहूं द्यावा.