राष्ट्राचें पाप आणि आपले हात

“राष्ट्राचें पाप” हे शब्द उपदेशांत पुष्कळदां ऐकूं येतात, आणि ते ऐकतांना आपल्या डोळ्यांपुढें बहुधा दुसरेंच कोणी उभें राहतें: पुढारी, धनिक, सरकार. पण जें पाप आपण स्वतः केलें नाहीं, त्याविषयीं देव आपणांस विचारील काय? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायांत, पुत्रानें बापाच्या अधर्माचा भार वाहावयाचा नाहीं, असें स्पष्ट सांगितलें आहे. मग दानीएलासारखा निष्ठावंत पुरुष नवव्या अध्यायांत आपल्या लोकांचें पाप पदरीं घेतांना “त्यांनीं” न म्हणतां “आम्हीं” असें कां म्हणतो?

याचें उत्तर अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांतील एका विधींत सांपडतें. रानांत कोणाचें प्रेत आढळलें आणि मारणारा कोण हें कळलें नाहीं, तर प्रेतापासून सभोंवारच्या नगरांपर्यंतचें अंतर मोजावें. जें नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनीं वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यांत उतरून कालवडीची मान मोडावी, तिजवर हात धुवावे आणि निर्दोष रक्ताबद्दल क्षमा मागावी. त्या वडिलांनीं खून केला नव्हता. तरी “आम्हांस ठाऊक नाहीं” एवढें बोलून घरीं बसण्याची मोकळीक त्यांस नव्हती. देवानें त्यांजवर दुसऱ्याचा अपराध लादला नाहीं. जवळ असण्याची जबाबदारी मात्र घातली.

आतां ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथाकडे पाहूं. तेथील इ. स. १०६० च्या शिलालेखाच्या प्राचीन शिवालयाजवळून वालधुनी नदी वाहते, आणि उल्हासनगरांतून पुढें जाऊन कल्याणाजवळ उल्हास नदीस मिळते. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें या भागांत कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. पुष्कळ कुटुंबांस तीमुळें भाकर मिळाली, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु नदी नासली. नोव्हेंबर २०१४ मध्यें उल्हासनगरांतील वडोल गांवाजवळ एका टँकरांतून वालधुनींत रसायन सोडण्यांत आलें; त्यापासून उठलेल्या विषारी वायूनें शेकडों माणसांचा श्वास कोंडला व त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें.

हा त्या लोकांवर देवाचा कोप झाला, असें कोणी म्हणूं नये. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असें प्रभूनेंच लूकाच्या तेराव्या अध्यायांत सांगितलें आहे. बहुधा पाप एक करतो आणि श्वास दुसऱ्याचा कोंडतो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायांतील पुष्ट मेंढरें स्वच्छ पाणी पिऊन उरलेलें पायांनीं गढूळ करितात आणि दुबळ्या मेंढरांस तेंच प्यावें लागतें, तशीच ही गोष्ट होय.

तर मग दोष केवळ टँकरवाल्याचा काय? २०१५ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल दंड ठोठावला, तो कारखान्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांस आणि त्यांच्यासह नगरपालिका व महानगरपालिका यांसही. कारण घराघरांतील मैलाही शुद्ध न होतां त्याच पाण्यांत जात होता. अंतर मोजतां मोजतां दोरी आपल्याच उंबरठ्याशीं आली.

येथें एखादा बंधु म्हणेल, “आम्ही मोलाचीं माणसें. साहेब सांगेल तें करावें, नाहीं तर मुलांच्या तोंडीं काय घालावें?” हें बोलणें हलकें मानूं नये. जकातदार व शिपाई योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे आले, तेव्हां त्यानें त्यांस चाकरी सोडावयास सांगितलें नाहीं. चाकरींतील अन्याय सोडावयास सांगितलें. मिसर देशांतील शिप्रा व पुवा या सुइणींनींही आपला धंदा सोडला नाहीं. राजाची आज्ञा मात्र मोडली, कारण त्या देवाला भीत होत्या. म्हणून भर पावसांत, रात्रीं, “नाल्याची चावी सोड” असा हुकूम झाला, तर ख्रिस्ती मनुष्यानें नम्रपणें “माझ्यानें हें होणार नाहीं” असें म्हणावें.

परंतु मंडळीनेंही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा बंधूची नोकरी गेली, तर त्याच्या चुलीची काळजी आपण वाहिली पाहिजे. ती वाहण्याची तयारी नसेल, तर त्यास धैर्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. एकट्या मनुष्याचें भय हेंच राष्ट्राच्या पापाचें मोठें बळ आहे. आणि तें भय वांटून घेणें हें मंडळीचें काम आहे.

खेड्यांतील वाचकांनींही नदी दूर आहे असें समजूं नये. फवारणीचे डबे ज्या ओढ्यांत धुतले जातात, त्याच्या खालच्या अंगास दुसऱ्याचें गुरूं पाणी पितें.

पवित्र शास्त्रांत हात धुणें दोन प्रकारचें आहे. पिलातानें लोकांसमोर हात धुतले आणि निरपराध्यास मरणाच्या स्वाधीन केलें. इस्राएलाच्या वडिलांनीं खोऱ्यांत उतरून, प्रेताचें अंतर मोजून, क्षमा मागून हात धुवावयाचे होते. आपण यांपैकीं कोणासारखे हात धुतों, हें प्रत्येकानें प्रार्थनेंत देवासमोर तपासून पाहावें.