हाफिजजींना विचारले का?

पाचवीच्या वर्गात आम्ही एक इंग्रजी चित्रपुस्तक नेले होते. जेन ब्रायंट यांचे 'सिक्स डॉट्स', 2016 साली निघालेले. त्यात लुई ब्रेल आपल्या लहानपणाची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगतो. आम्ही चित्रे दाखवत ती उर्दूत सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ये किताब लुई के हाथ में देते तो वो क्या पढता?" वर्ग हसला. आम्हाला उत्तर सुचले नाही.

लुई 1809 साली पॅरिसजवळच्या कूव्रे गावात जन्मला. बाप खोगीर-लगाम करणारा. तीन वर्षांच्या पोराने त्याची आरी उचलली, ती डोळ्यात गेली, जखम चिघळली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथे पुस्तके होती, कागदावर उठवलेल्या मोठमोठ्या रोमन अक्षरांची. ती करणारे लोक भलेच होते. पण जे त्यांच्या डोळ्यांना सोपे, तेच त्यांनी मुलांच्या बोटांना दिले. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची लिपी लुईने सहा टिंबांवर आणली, एका बोटाच्या टोकाखाली मावतील इतकी. साल 1824, वय पंधरा. पुढे त्याच शाळेत काही काळ या लिपीला मनाई झाली. फ्रान्समध्ये तिला मान्यता मिळाली 1854 साली. लुई 1852 मध्येच वारला होता.

भले करणाऱ्याने विचारायला नको का?

आपल्यात अंध माणसाला 'हाफिजजी' म्हणायची रीत आहे. शब्दात अदब आहे, पण हे ऐकतील, पाठ करतील, वाचायचे काम आपले, असेही त्यात आपण धरून चालतो. हजरत इब्ने उम्मे मकतूम खैरात मागायला आले नव्हते, इल्मसाठी आले होते. सूरह अबसचा हा प्रसंग आम्ही मुलांना शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

ब्रेलमध्ये उर्दूही मराठीसारखी डावीकडून उजवीकडे वाचतात. क, ल, म यांची टिंबे दोन्हींत तीच. लिपीवरून डोळसांनी केवढी भांडणे केली!

कोरेगाव पार्कातली अंधशाळा 1934 पासूनची. इतकी वर्षे पुण्यात राहून आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. बी.एड.ला फळ्यावरचे अक्षर केवढे असावे, हे मात्र नीट शिकलो होतो.

मोहल्ल्यातल्या हाफिजजींना परवा विचारले, शिकायचे का? ते हसले. पंचवीस वर्षे वेताच्या खुर्च्या विणून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत. अशा बोटांना बारीक टिंबे लागत नाहीत, म्हणाले. ते काम त्यांना कोणा भल्या माणसानेच लावून दिले होते.