अपरिग्रहाचे माप

अपरिग्रह या व्रताचा अर्थ बहुधा वस्तूंच्या संख्येवरून लावला जातो आणि ज्याच्यापाशी कमी तो श्रेष्ठ, असे मानले जाते. वर्धा जिल्ह्यातील आश्रमांचा इतिहास मात्र या समजुतीला पुरता दुजोरा देत नाही. १९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहायला आले आणि ज्याला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले, तेथील कुट्या माती-बांबूच्या होत्या आणि एकादश व्रतांत असंग्रहाला मानाचे स्थान होते. तरीही त्याच आश्रमात व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून टेलिफोनही बसवलेला होता. ही विसंगती म्हणायची की अपरिग्रहाचे माप संख्येहून वेगळे आहे, हा येथील प्रश्न आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी, म्हणजे आचरणाच्या मूलभूत संयमांपैकी, एक आहे. जैन परंपरेत ते महाव्रत आहे आणि उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची गाढ आसक्ती, अशी केली आहे. ही व्याख्या सूक्ष्म आहे खरी, परंतु तिचा आधार घेऊन कोणताही धनिक आपण अनासक्त असल्याचे सांगू शकतो, आणि त्याचे म्हणणे तपासण्याचे बाह्य साधन कोणाच्याच हाती उरत नाही. म्हणून आसक्तीच्या आंतरिक कसोटीला भाराच्या एखाद्या दृश्य कसोटीची जोड हवी. आणि ती, अनपेक्षितपणे, मालवणजवळच्या तारकर्लीला शिकवल्या जाणाऱ्या स्कूबा डायव्हिंगमध्ये स्पष्ट दिसते.

पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर पाण्याखाली श्वास घेणाऱ्या डायव्हरला वजन बाळगावेच लागते, कारण शरीर आणि नियोप्रीनचा, म्हणजे सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेल्या रबराचा, पोशाख त्याला वर ढकलत असतो, आणि खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्याने समुद्रात हे प्लावक बल अधिकच वाढते. अकरा लिटरच्या सिलिंडरमधील सुमारे दोन किलो हवा बुडीच्या ओघात खर्च होते, त्यामुळे डायव्हर शेवटी सर्वांत हलका असतो. सिलिंडरमध्ये साधारण ५० बार दाब उरलेला असताना, पाच मीटर खोलीवर, अंगावरची हवेची पिशवी रिकामी करूनही जो बुडत नाही आणि वरही ओढला जात नाही, त्याचे वजन योग्य. माप भरल्या सिलिंडरवर ठरत नाही, सरत आलेल्या सिलिंडरवर ठरते.

जादा वजन घेतले तर ते पेलण्यासाठी पिशवीत जादा हवा भरावी लागते. वर येताना दाब कमी होतो, ती हवा फुगते आणि वेळीच सोडली नाही तर डायव्हरला धोकादायक वेगाने वर खेचते. अनावश्यक संग्रहाचा दोष नेमका हाच आहे की तो एकटा राहत नाही. त्याला तोलून धरण्यासाठी दुसरा संग्रह लागतो, मग त्या दोहोंच्या राखणीसाठी तिसरा, आणि अखेर माणसाची सगळी शक्ती मूळ कामाऐवजी या तोलातच खर्ची पडते.

वजन कोठे ठेवावे, हाही तितकाच महत्त्वाचा विचार आहे. कमरेच्या पट्ट्यातील वजन संकटात एका हाताने सोडता येते. बॅकप्लेट, म्हणजे सिलिंडर ज्यावर बांधतात ती पाठीवरची धातूची पाटी, पोलादी असल्यास सुमारे अडीच-तीन किलोंची असते, पट्ट्यावरील तेवढा भार कमी करते, पण स्वतः टाकून देता येत नाही. म्हणून न टाकता येणारा भार इतकाच असावा की पिशवी फाटली तरी डायव्हर स्वतःच्या पायांच्या बळावर वर येऊ शकेल. १९५० च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी आरंभलेला कांचनमुक्तीचा प्रयोग याच जातीचा होता: पैशाच्या दानावर न विसंबता शेती आणि अंगमेहनतीवर आश्रम उभा राहतो का, हे त्यात पारखले जात होते. दान थांबले की जी संस्था बुडते, तिचा भार तिच्या बळाहून अधिक असतो.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. १९५६ मध्ये विनोबांनी भूदान चळवळीसाठी निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती स्वीकारली, केंद्रीय निधी आणि समित्यांची यंत्रणा बाजूला केली, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी काम मंदावले. निर्णयामागचे धैर्य मोठे होते. पण अपुरे वजन घेतलेला डायव्हर खाली पोहोचतच नाही, आणि बुडीच्या अखेरीस, जिथे थांबणे आवश्यक असते, तिथे त्याला थांबता येत नाही. भार टाकणे हेच ध्येय झाले की ज्या कार्यासाठी टाकायचे तेच हातून निसटते.

म्हणून अपरिग्रह हे उणेपणाचे व्रत नसून प्रमाणाचे व्रत आहे, आणि त्या प्रमाणाचा मापदंड कार्याच्या खोलीत आणि साधने सरत आलेल्या काळात शोधावा लागतो. या मापाने पाहता सेवाग्रामच्या टेलिफोनने व्रत मोडले नाही, कारण तो कार्याला लागत होता आणि तो काढून नेला असता तरी आश्रम ढळला नसता. आसक्ती नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने आणि प्रत्येक संस्थेने आपल्या संग्रहातील वस्तूंना हेच दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे इतरांनाही दिसतात, आणि अनासक्तीचा दावा त्यांवरच तपासला जाऊ शकतो.