माळ, टेम्पो आणि जळकं तेल

कोंबडी तळलेल्या तेलावर चालणाऱ्या टेम्पोतून माळकऱ्याने दिंडीचा शिधा न्यावा का? आमच्या भाऊजींचा हा प्रश्न ऐकून दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. मला मात्र तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

सांगलीत आमचं फरसाणाचं दुकान आहे. दिवसभर कढई चुलीवरून उतरत नाही. ताज्या तेलात शेवेचा घाणा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. तेल थकलं की बारीक, चिवट फेस काठापर्यंत चढतो आणि काही केल्या बसत नाही. आता त्यासाठी मीटरही निघालंय. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणातून बाद, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा तेलाचं बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना आली. आता आमचं बाद तेल कॅनमधून ज्या ड्रममध्ये जातं, त्यातच कोपऱ्यावरच्या चिकन सिक्स्टीफाइव्हच्या गाड्याचंही जातं. कोंबडीची चरबी तळताना तेलात सुटणारच. भाऊजींची शंका तिथली.

पुढची रीत फार अवघड नाही. गाळलेल्या तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक पोटॅश घालून तापवायचं. जड ग्लिसरीन तळाला बसतं, वर पातळ बायोडिझेल राहतं. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो मिथेनॉल खर्ची पडतं. एवढा खटाटोप नव्हता तेव्हाही तेलावर इंजिन चाललेलं आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या ते ध्यानात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलने नोंदवून ठेवलंय. इंजिनाला सोवळं-ओवळं कळत नाही.

म्हणून पहिलं उत्तर तोंडावर येतं ते हेच, की अग्नीला विटाळ नाही, जळलं की सगळं सारखं. पण हे उत्तर मला पटत नाही. प्राण्यांच्या चरबीचं बायोडिझेल सूर्यफुलाच्या तेलापासून केलेल्यापेक्षा थंडीत लवकर गोठतं. म्हणजे एवढी उलथापालथ होऊनही मूळ काही पुरतं पुसलं जात नाही. आणि भाऊजींनी तरी टाकीत काय आहे एवढंच कुठे विचारलं होतं? त्या जिवाच्या मरणात आपला वाटा किती, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्याचं माप शेजारच्या अण्णांनी दिलं. अण्णा हळदीचे अडते, घराणं जैन. ते म्हणाले, “वैनी, आमच्यात हिंसा तीन परीनं लागते. स्वतः केली तर, दुसऱ्याकडून करवली तर, आणि केलेलीला मान हलवली तर.” कृत, कारित, अनुमोदित. टेम्पोच्या टाकीत तेल ओतणाऱ्याने कोंबडी मारली नाही, मारायला सांगितलीही नाही. कोंबडी खाणाऱ्यासाठी मेली, तेल मागे उरलं. तिसऱ्या परीचं काय, एवढंच राहतं.

पण दुसरी पायरीसुद्धा वाटते तितकी कोरडी नाही, हे दुकानदार म्हणून मला दिसतं. फरसाणाचा चुरा पूर्वी आम्ही पोरांच्या ओंजळीत फुकट घालायचो. त्याला भेळवाल्यांचं गिऱ्हाईक लागलं, भाव आला, आणि आता पापडी मोडली तरी कारागीर हळहळत नाही. टाकाऊला भाव आला की ते टाकाऊ राहत नाही, धंद्याच्या हिशेबात जाऊन बसतं. चरबीचंही तेच. ती फुकट जात होती तोवर जाळणारा निर्दोष. तिच्या पैशाने कोंबडीचं गणित बसायला लागलं, की टाकी भरणारा थोडा का होईना करवणारा झालाच. ड्रममध्ये डोकावून हे कळत नाही, त्यासाठी भावावर डोळा ठेवावा लागतो.

मग साधं डिझेलच भरावं? महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध आहे. मांस विकणारा हा खाटीक कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात, हे तो त्याला दाखवून देतो. जमिनीतून उपसलेल्या तेलाचा धूर काय किंवा शेंगतेलासाठी नांगरलेलं शेत काय, निखळ स्वच्छ काहीच नाही. पण त्याच्या बोलण्याचा ‘मग काहीही चालतं’ असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांनी पुढचंही ऐकावं. तो स्वतः जीव मारत नाही आणि मांसही खात नाही. हिंसा टळत नाही हे कबूल करूनही आपल्या हातची तेवढी तो कमी करतो.

माझ्या हातचं काय, तर कॅन कोणाला द्यायचा एवढंच. बायोडिझेलवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन जळकं तेल मागणारे येतात. ते कुठल्या कढईत पुन्हा तापणार आणि कुठल्या हमालाच्या पोटात जाणार, हे विचारावं लागत नाही. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला त्याचा हिशेब ठेवावा लागतो. त्याहून लहान दुकानाला आपल्या मनाशीच हिशेब ठेवायचा असतो. माळेला चरबी लागेल म्हणून झोप उडावी आणि खवट तेलाने माणसाचं आतडं बिघडेल याचं काही वाटू नये, असली शुद्धता मला नको.

भाऊजींना मी सांगितलं, टेम्पो न्या, पण इंधन कशाचं आहे ते दिंडीत आधी सांगा. आपण सांगायचं नाही आणि त्यांनी मान हलवायची, हे काही खरं नव्हे. त्यांनी सांगितलं. दोघांनी आपली वळकटी दुसऱ्या गाडीत टाकली, बाकीच्यांनी शिधा चढवला. अण्णा अजूनही म्हणतात, “मी नसतं भरलं.” ते स्वतःपुरतं बोलतात, दुसऱ्याची टाकी हुंगायला जात नाहीत. म्हणून त्यांचा नकार मला भाऊजींच्या होकाराइतकाच सच्चा वाटतो.