शुद्ध पाणी कोणासाठी?

संस्कृत भाषेत पाण्याला 'जीवन' असे एक नाव आहे आणि मराठीनेही ते आपलेसे केले आहे. परंतु एकाचे जे जीवन तेच दुसऱ्याचे मरण कसे होऊ शकते, याचे प्रत्यंतर पाहावयास फार दूर जावे लागत नाही. पेडण्याच्या वा डिचोलीच्या पेठेतील कित्येक घरांच्या ओसरीवर हल्ली माशांची काचेची टाकी दिसते. मुलांच्या हट्टाखातर ती आणली जाते, नळाच्या स्वच्छ पाण्याने भरली जाते, आणि त्याच सायंकाळी तीत चार-दोन सोनेरी मासे सोडले जातात. दोन-तीन दिवसांनी, फार तर आठवड्याने, त्यांतील एकेक मासा पोट वर करून तरंगू लागतो. घरधनी म्हणतो, 'पाणी तर इतके स्वच्छ होते. आम्ही तेच पितो!' त्याचे म्हणणे खरे असते, आणि मासा मेला हेही खरे असते. या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण त्याच्या पोटात धर्माधर्माचा एक जुना प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम पाण्याकडे पाहू. चांदेल येथील वा पडोशे येथील जलशुद्धी प्रकल्पातून जे पाणी आमच्या नळाला येते त्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरिन मिसळलेला असतो, आणि नळापर्यंत पोचतानाही त्याचा थोडा अंश पाण्यात शिल्लक राहावा अशी योजना असते. भारतीय मानकाप्रमाणे हा शिल्लक अंश लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम असावा. आमच्या पोटाला त्याची बाधा होत नाही. माशाची गोष्ट निराळी. तो पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय तलम पडदा असतो, आणि एवढासा क्लोरिनही तो पडदा जाळू शकतो. जे पाणी आम्हांला पटकीपासून वाचवते ते माशाला गुदमरवून मारते. ह्यात नळाचा दोष नाही, पाण्याचाही नाही. आम्ही 'शुद्ध' हा शब्द उच्चारतो तेव्हा 'आमच्यासाठी' हा दुसरा शब्द मनातल्या मनात गिळून टाकतो, एवढेच.

यावर उपाय सोपा आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी चोवीस तास उघडे ठेवावे, मधूनमधून ढवळावे. क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार ज्याला 'हायपो' म्हणत त्या सोडियम थायोसल्फेटचे काही कण पुरतात. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक औषधी थेंबांत तेच द्रव्य असते. ज्या शहरांत क्लोरिनला अमोनियाची जोड देतात तेथे मात्र नुसते उघडे ठेवून भागत नाही.

येथवर सारे सुगम आहे. परंतु पुष्कळ घरी क्लोरिन उडवूनही मासे मरतात, आणि त्याचे कारण अधिक गहन आहे. माशाच्या कल्ल्यांवाटे व मलावाटे अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही तोच निघतो. नदीत वा जुन्या तळ्यात हा अमोनिया साचत नाही, कारण दगडांवर, वाळूवर, शेवाळावर वस्ती करून राहणारे सूक्ष्म जीव तो खाऊन टाकतात. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 साली असे जीव वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते; तेही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते व प्राणवायू वाहून नेईनासे होते. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि ते बऱ्याच मर्यादेपर्यंत सोसवते. घरगुती टाकीत हे दुसरे काम कोणती जात करते याविषयीची जुनी समजूतही 1998 च्या संशोधनाने बदलली. पण तो तपशील येथे लांबवीत नाही. मुद्दा इतकाच, की नव्या टाकीत हे सेवक नसतात. ते आपोआप येतात, पण त्यांची वस्ती पुरेशी वाढावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर काच कितीही चकचकीत असो, ते पाणी माशासाठी ओसाड गावासारखे असते.

अशा पाण्यात मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. त्याला श्वास पुरत नसतो. घरातील माउलीला वाटते, बिचाऱ्याला भूक लागली. आणि ती चिमूटभर खाद्य आणखी टाकते. ते खाद्य कुजते, अमोनिया वाढतो, मासा अधिकच तळमळतो, आणि पुन्हा एक चिमूट पडते. येथे क्रौर्य कोठेही नाही. असलीच तर दयाच आहे, आणि मासा त्या दयेनेच मरतो. अज्ञानाने घडलेल्या हिंसेचा दोष कितपत, ही चर्चा आमच्या शास्त्रकारांनी पुष्कळ केली आहे. आम्हांस मात्र एक भेद करावासा वाटतो. वाटेने चालताना पायाखाली मुंगी सापडली, तर ते अज्ञान अपरिहार्य होते. पण ज्याला आम्ही पैसे मोजून, हौसेने, त्याच्या इच्छेवाचून घरी आणले, त्याला काय लागते हे न विचारणे हे अज्ञान आम्ही स्वतः पत्करलेले असते. आश्रय देणाऱ्याचे कर्तव्य आश्रित दारात येण्याच्या आधीच सुरू होते.

यावर जाणते लोक एक तोड सुचवतात, आणि आमच्या मते खरा नैतिक पेच येथेच आहे. ते म्हणतात, प्रथम दोन-तीन स्वस्त, चिवट मासे सोडा. त्यांच्या अमोनियावर सूक्ष्म जीव पोसतील, पाणी 'मुरेल', आणि मग मोलाचे, नाजूक मासे आणा. पहिले वाचले तर ठीक, मेले तर नुकसान थोडे. व्यवहाराने हा हिशेब बिनचूक आहे. तरीही तो ऐकताना मनाला काहीतरी खटकते. मागाहून येणाऱ्याचे सुख आधी येणाऱ्याच्या कल्ल्यांवर उभारावयाचे, आणि आधी कोणी यावे हे त्याच्या बाजारभावावरून ठरवावयाचे, ही ती खटकणारी गोष्ट. माणसांच्या व्यवहारातही नवी वसाहत, नवी खाण, नवा कारखाना यांचे पहिले पाणी बहुधा स्वस्त माणसालाच प्यावे लागते. पण तो विषय मोठा आहे, आणि माशाच्या आडून तो मांडणे हे माशावरही अन्यायाचे होईल.

हा बळी अटळ असता तर गोष्ट वेगळी होती. तो अटळ नाही. मासा न सोडताच टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू दिले, तरी सूक्ष्म जीवांना आहार मिळतो. कोणा परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू वा गाळणीचा मळकट स्पंज आणून घातला, तर त्यांचे बीजच मिळते आणि काळ पुष्कळ कमी होतो. दह्याला विरजण लावण्यासारखेच ते आहे. मग एखादाच मासा आणावा, पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून ऊन-थंड सारखे होऊ द्यावे, पाणी थोडेथोडे मिसळावे. पुढे दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीच बदलू नये. ह्या साऱ्याला पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो महिना-दीड महिना. भरलेली, दिवा लावलेली, पण रिकामी टाकी मुलांनी रोज पाहावयाची आणि वाट पाहावयाची. चिवट माशांचा बळी दिला जातो तो ह्या वाट पाहण्याच्या बदल्यात. असे समोरासमोर मांडले, की उत्तर देणे आम्हांस तरी कठीण वाटत नाही.

कोणी हसून विचारील, 'दुपारच्या जेवणात बांगड्याचे हुमण ओरपणाऱ्याने सायंकाळी गप्पी माशासाठी डोळ्यांत पाणी आणावे, हे ढोंग नव्हे काय?' प्रश्न वाजवी आहे, आणि गोमंतकात तो टाळताही येत नाही. आमच्या कोंकणीत ताटातल्या माशाला 'नुस्तें' हा स्वतंत्र शब्द आहे. सोमवारी नुस्तें न खाणारे, एरवी खाणारे आणि मुळीच न खाणारे असे तिघेही एकाच देवळाच्या पायरीवर बसतात, आणि त्या देवळाच्या तळ्यातील मासा मात्र तिघांपैकी कोणीही धरीत नाही. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. समुद्रातील बांगड्याला आम्ही कोणतेही वचन दिलेले नसते. त्याच्याशी आमचा संबंध भुकेचा आहे, आणि तो बरा की वाईट हा वाद वेगळा. तळ्यातल्या नि टाकीतल्या माशाचा प्रकार तसा नाही. भिंत आम्ही बांधली, पाणी आम्ही भरले, तेथून निघून जाण्याची वाट आम्ही बंद केली. म्हणून त्या पाण्याची जबाबदारीही आमचीच. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तेथील मोठमोठे मासे देवीचे म्हणून कोणी मारीत नाही, आणि त्याच पंचक्रोशीत इतर मासळी खाल्ली जातेच.

आश्रयाची ही कल्पना आमच्याकडे किती जुनी आहे हे पाहावयाचे तर शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवावी. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि आपले पालन करण्याची विनंती करतो. त्याच्या बदल्यात पुढील जलप्रलयात तारण्याचे वचनही देतो. पण आम्हांस विशेष वाटते ते त्याच्या पुढल्या बोलण्याचे. मला आधी घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही पुरेनासा झाला की समुद्रात सोड, असा क्रमच तो सांगतो. मनू त्याप्रमाणे करतो. प्रत्येक वेळी पुढचे पाणी आधी सिद्ध आहे, मासा मागाहून हलतो. आमच्या टाकीतला मासा बोलत नाही, एवढाच फरक; म्हणून त्याचे बोलणे आम्हांला पुस्तकातून, जाणत्याकडून नि पाण्याच्या परीक्षेतून ऐकावे लागते.

आणि मासे आमच्या टाकीतही वाढतात! काच चाटून साफ करतो म्हणून बोटभर लांबीचा जो 'सकर' मासा विकत मिळतो तो दक्षिण अमेरिकेचा, आणि पुरता वाढला की फूट-दीड फूट होतो. मग घरच्यांना वाटते, याला कोंडून कशाला ठेवावे, देवाच्या तळ्यात सोडू, पुण्यही लागेल. तसे करताना भावना चांगली असेल, पण मनूचा धडा उलटा गिरवला जातो. त्या तळ्यातल्या मूळच्या माशांना हा परका सोबती मानवेल काय, टाकीतला एखादा रोग तळ्यात जाईल काय, हे कोणी विचारीत नाही. सोडून देणे आणि सोडवणे यांत महदंतर आहे. वाढलेला मासा ज्याच्याकडून आणला त्या दुकानदाराकडे परत द्यावा, नाहीतर मुळातच आणू नये.

पेडणे-डिचोलीकडे अजून घरोघर बांय आहे, म्हणून तिच्या पाण्याविषयीही दोन शब्द. तीत औषध टाकलेले नसेल तर क्लोरिनची भीती नाही. परंतु जमिनीतून ताजे उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू अधिक असू शकतो. तेही रात्रभर उघडे ठेवावे, या भांड्यातून त्या भांड्यात ओतावे. आमच्या जांभ्या दगडाच्या प्रदेशातले पाणी बहुधा मृदू व किंचित आम्ल असते, आणि सूक्ष्म जीवांच्या कामाने त्याची आम्लता हळूहळू वाढत जाते. फार वाढली की ते जीवच मंदावतात. तिसऱ्यांचे कालवण झाल्यावर उरलेले शिंपले स्वच्छ धुऊन, वाळवून, पिशवीत बांधून, टाकी रिकामी असतानाच तीत ठेवले तर तो तोल बराच सांभाळला जातो. नुस्त्याने जिवंत माशाला केलेली ही मदत म्हणावी!

ह्याच बांयीत कधीकधी दोन सत्कृत्यांची टक्कर होते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तीत गप्पी वा आमचेच देशी लहान मासे सोडलेले असतात. हिवतापाविरुद्ध अशा देशी माशांचा प्रयोग गोव्यात झालेला आहे. आणि पावसाळ्यात पटकी-काविळीच्या भयाने त्याच बांयीत ब्लीचिंग पावडर पडते. तिचे रूढ प्रमाण 1000 लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम आहे, आणि तेवढेही त्या माशांना पुष्कळ झाले. माणसाचा जीव आधी, याविषयी आमचा वाद नाही. पण औषध टाकण्यापूर्वी चार घागरी जुने पाणी एखाद्या टाकीत काढून मासे त्यात ठेवावयास घटकाभर पुरते, आणि क्लोरिन ओसरला की ते परत सोडता येतात. ही घटका बहुधा कोणी काढीत नाही.

राहिले देवळाचे तळे. जत्रेपूर्वी तळे साफ व्हावे, ही इच्छा योग्य आहे. परंतु पंप लावून ते कोरडे करणे, चिऱ्यांच्या पायऱ्या खालपर्यंत खरवडणे, वर पावडर मारणे आणि मग टँकरचे पाणी भरून टोपल्यांत तडफडणारे मासे परत टाकणे, ही साफसफाई म्हणजे वर वर्णन केलेल्या काचेच्या नव्या टाकीचीच मोठी आवृत्ती होय. त्या बुळबुळीत शेवाळावरच तळ्याचे सेवक राहत असतात. 1850 साली लंडनमध्ये वॉरिंग्टन याने भांड्यात मासे नि पाणवनस्पती ठेवल्या, तेव्हा कुजत्या पानांनी पाणी नासू लागले. त्याने गोगलगायी सोडल्या नि पाणी निवळले. ज्याला आम्ही घाण म्हणून काढतो त्यातले काही तळ्याची झाडलोट करीत असते. तेव्हा महाजनांच्या सभेत तळे उपसण्याचा विषय निघेल त्या वेळी इतके ठरवता आले तर पाहावे : गाळ एका वर्षी एका बाजूचा काढावा, तिसरा हिस्सा तरी जुने पाणी राहू द्यावे, पाण्याखालच्या पायऱ्या खरवडू नयेत, निर्माल्य व प्रसादाचे अन्न पाण्यात पडू न देण्यासाठी काठावर एक टोपली ठेवावी, आणि बाहेरून आणलेले पाणी नळाचे असेल तर ते एक दिवस वेगळ्या टाकीत उघडे ठेवून मगच तळ्यात सोडावे. जत्रेच्या आधी पंधरवडा हाताशी असेल तर एवढे सहज होते.