गरज आणि गंमत

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर बेंप्टनचे पांढरे कडे शंभरेक मीटर सरळ समुद्रात उतरतात. उन्हाळ्यात त्यांच्या कपारींवर गॅनेट, गिलेमॉट, किटिवेक, पफिन अशा लाखो पक्ष्यांची वीण चालते. काठाला कुंपण आहे, बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. वास मात्र नाकाला रुमाल लावायला लावणारा. तो फोटोत येत नाही, हे पर्यटनाचं नशीब.

एकोणिसाव्या शतकातही इथे सहली येत. हौशी मंडळी होड्या भाड्यानं घेऊन कड्याखाली जात आणि बंदुका चालवत. खाण्यासाठी नव्हे, नेम बघायला. वर पिल्लं उपाशी मरत. किटिवेकचे पंख बायकांच्या टोप्यांसाठी विकले जात. शेवटी जवळच्या ब्रिडलिंग्टनचे धर्मगुरू बार्न्स-लॉरेन्स यांनी मोहीम उभारली, खासदार क्रिस्टोफर साइक्स यांनी विधेयक मांडलं आणि १८६९मध्ये समुद्रपक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यासाठी एक युक्तिवाद असा होता की, दाट धुक्यात या पक्ष्यांच्या कलकलाटावरून खलाशांना कडा जवळ आल्याचं कळतं. नुसत्या दयेवर भागलं नाही, उपयोगही सांगावा लागला. हे मला खटकतं. ज्या पक्ष्याचा कुणालाच उपयोग नाही, त्याचं वकीलपत्र कोण घेणार?

त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट मात्र मला मोलाची वाटते. त्यानं विणीच्या काळात पक्षी मारायला बंदी केली, पण पक्ष्यांवरच जगणाऱ्या सेंट किल्डा बेटावरच्या लोकांना त्यातून वगळलं. अंड्यांनाही हात लावला नाही. बेंप्टनचे गावकरी दोराला लोंबकळून, जीव धोक्यात घालून गिलेमॉटची अंडी काढत; ते थेट १९५४पर्यंत चाललं. अर्थात गरज आणि गंमत यांतली रेघ इतकीही स्वच्छ नव्हती. वेगळ्या रंगाच्या अंड्याला श्रीमंत संग्राहक चांगला भाव देत. पोट एकाचं, हौस दुसऱ्याची.

आज तिथे कुणी बंदूक नेत नाही. पण किटिवेक आणि पफिन पिल्लांना भरवतात ते सँड ईल नावाचे बोटभर मासे उत्तर समुद्रातून, मुख्यतः डॅनिश बोटींनी, वर्षानुवर्षं टनांनी उपसले. त्यांची भुकटी आणि तेल होतं. पाळलेल्या जनावरांच्या, माशांच्या खाद्यात ते जातं. ब्रिटननं आपल्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात या मासेमारीवर बंदी घातली ती २०२४मध्ये, आणि युरोपीय संघानं तिला लवादापुढे आव्हान दिलं. बंदुकीचा प्रश्न त्या मानानं सोपा होता. बंदूकवाला समोर दिसत होता. दुर्बीण बाजूला ठेवून पर्यटक जे सॅमन सँडविच खातो, त्यातला मासा काय खाऊन वाढला, हे वेष्टनावर छापलेलं नसतं.