खाऱ्या पाण्यांतील मासे

एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यपात्र आहे. क्षार मोजून मोजून ते कंटाळले व मला म्हणाले, "आतां यांत गोडें पाणी भरणार." मीं विचारलें, "आणि हे मासे?" ते म्हणाले, "पाणी हळूहळू बदललें कीं होईल त्यांना संवय!"

संवय हा शब्द आपण, विशेषतः दुसऱ्याविषयीं बोलतांना, फार स्वस्त केला आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तें पाणी माशाच्या अंगांतील पाणी ओढून घेतें; म्हणून तो सतत पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो. गोड्या पाण्यांत सारें उलट: पाणी अंगांत शिरतें, तें उपसावें लागतें. खाडींतले कांहीं मासे दोन्ही पाण्यांत राहूं शकतात. प्रवाळांतल्या बहुतेकांची देहरचनाच तशी नाहीं.

फिलिप गॉस यांच्या १८५४ सालच्या 'दि अॅक्वेरियम' या पुस्तकानें इंग्लंडांत ही हौस वाढली. पुढें हौशी लोकांनीं किनारे ओरबाडलेले पाहून त्यांस मनस्ताप झाला, असें त्यांच्याच पुत्रानें १९०७ सालीं लिहिलें आहे. आमच्या स्नेह्यांचा अपराध त्या मानानें लहान. तरी पात्राचे आपण मालक, म्हणून समुद्रांतून आणलेल्या जीवाचेहि मालकच काय? मला तसें वाटत नाहीं. आपल्या किनाऱ्यावर त्यांस सोडणेंहि युक्त नव्हे. परक्या समुद्रांतला मासा येथें रोग आणूं शकतो. खारें पात्र सांभाळणाऱ्या दुसऱ्या कोणास ते द्यावे, नाहीं तर ते जगतील तोंवर क्षार मोजीत राहावें.

त्यांच्याकडे एक विदूषकमासा आहे. ही जात बंदिवासांत २० वर्षेंहि जगते, हें ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.